माका जीव व्हयो!

रंगीत चौकोन जुळवत जुळवत तुम्ही सातशेव्या लेव्हलला पोचलात आणि गेमने विचारलं, ‘टीममध्ये येता का?’ आता मागे हटू नका. एकट्याने खेळणं हा टाइमपास. टीमने खेळणं ही जबाबदारी, आणि कोकणी माणसाने जबाबदारी कधी टाळलेली नाही. ग्रामपंचायतीची सोडून.

आधी मूळ अडचण समजून घ्या. कँडी क्रश 2012 साली आला, आणि तेव्हापासून या जातीच्या खेळांत रीतच पडून गेली: जीव पाच. लेव्हल हरलात की एक जीव गेला. गेलेला जीव परत यायला अर्धा तास, म्हणजे पाचही भरायला अडीच तास. अडीच तासांत भरतीची खाडी बरीच उतरते. तेवढा वेळ माणसाने करायचं काय? कामं? म्हणून टीम. टीममध्ये एक बटण दाबून जीव मागता येतो आणि बाकीचे आपापल्या पडवीत बसून तो देतात, तोही स्वतःचा न गमावता. इतकं स्वस्त पुण्य कुठल्याच देवस्थानात मिळत नाही.

फक्त भाषा जपून वापरा. आमच्या वाडीत नेट येतं ते विहिरीच्या कठड्यावर. पुतण्या तिथे बसून ओरडला, ‘थांबा रे, जीव देतंय!’ आणि आजी पोहऱ्याचा दोर घेऊन धावली. त्यानंतर आम्ही ‘लाइफ’ म्हणायचा ठराव केला. आजीला तो मान्य नाही. तिच्या मते पोरगा त्या दिवशी खरंच उडी मारणार होता.

आता माणसं जमवा. रॉयल मॅचसारख्या गेममध्ये एका टीममध्ये 50 जण मावतात. आकडा मोठा वाटेल, पण घाबरू नका. ग्रामसभेच्या कोरमला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात, आणि आमच्याकडे ती कधी जमत नाहीत. वहाळावरच्या साकवाचा, म्हणजे छोट्या पुलाचा, विषय त्यामुळे तीनदा तहकूब झाला. टीम मात्र दोन दिवसांत भरली, वर आठ जण वेटिंगला. साकवाच्या ठरावाला सूचक मिळेना आणि इकडे को-लीडर व्हायला मारामारी.

टीमला ग्रामदैवताचं नाव देऊ नका, एवढं ऐका. टीम-टीमच्या स्पर्धेत जिंकलात तर ठीक. हरलात तर ‘रामेश्वर 32व्या नंबरावर’ असं सगळ्यांच्या फोनवर झळकतं, आणि मग देवाला कौल लावून खुलासा मागावा लागतो.

भरती करताना हंगाम बघा. खलाशी हा उत्तम खेळाडू, पण 1 जून ते 31 जुलै. मासेमारीबंदीत होड्या शाकारलेल्या असतात, जाळी विणून झालेली असतात, आणि घरातल्यांनाही तो नजरेसमोर नको झालेला असतो. या दोन महिन्यांत तो एकटा चौघांचे गुण काढतो. ऑगस्ट उजाडला की समुद्रात गायब. त्याच्या भरवशावर गणपतीतली स्पर्धा लावू नका. आंबा बागायतदार नेमका उलटा: मोहोर ते पेट्या भरेपर्यंत त्याच्याशी बोलूही नका, फार तर थ्रिप्सच्या किडीविषयी विचारपूस करा. मुंबईचा चाकरमानी बारमाही. विरार लोकलमध्ये दीड तास उभा असतो आणि त्याचा एक हात कायम मोकळा असतो. पण सगळ्यांत मौल्यवान माणूस म्हणजे निवृत्त गुरुजी. पेन्शन चालू, नजर शाबूत, आणि चाळीस वर्षं पोरांना ‘खेळू नका’ म्हणून बडवल्यामुळे खेळाची भूक अपार.

प्रत्यक्ष खेळातल्या युक्त्या मी थोडक्यात सांगतो, कारण त्या कुणीही सांगेल. चाल शक्यतो खालून खेळा. खालचं फुटलं की वरचं कोसळतं आणि आपसूक चार गोष्टी जुळतात. पाच एका ओळीत आणून मोठा बॉम्ब करायला बघा, आणि असे दोन बॉम्ब शेजारी आले की एकमेकांवर आपटा, सगळा पट साफ होतो. ओळीने जिंकत राहिलात की पुढच्या लेव्हलला सुरुवातीलाच आयता दारूगोळा मिळतो, एकदा हरलात की तो बंद. म्हणून अवघड लेव्हल स्पर्धेच्या आधी संपवा, आणि बक्षिसात मिळालेले हातोडे, तास-अर्ध्या तासाचे अमर्याद जीव न उघडता साठवून ठेवा. स्पर्धा सुरू झाली की उघडा. थोडक्यात, पागोळ्या गळायच्या आत लाकडं आणि सुकी मासळी भरून ठेवायची. ही अक्कल तुम्हाला जन्मजात आहे. ती यंदा फोनसाठी वापरल्यामुळे लाकडं भिजली, हा भाग वेगळा.

घड्याळाची युक्ती मात्र करू नका. फोनचं घड्याळ अडीच तास पुढे केलं की जीव भरतात, हा जुना चावटपणा आहे. पुष्कळ गेम आता त्याला बधत नाहीत, आणि जे बधतात ते घड्याळ मागे आणल्यावर दामदुप्पट वेळ थांबवतात. आमच्या गुरुजींनी ते केलं आणि मागे आणायला विसरले. सकाळी सहाची एसटी धरायला पहाटे साडेतीनला स्टँडवर हजर. तिथल्या कुत्र्यांनी त्यांना विद्यार्थी समजून पळवलं.

प्रवासाचंही नियोजन करा. लेव्हल नेटशिवाय चालते, पण जीव मागायला नेट लागतं. म्हणून मांडवी एक्सप्रेसने येताना रत्नागिरीच्या अलीकडे पाचही जीव शिल्लक हवेत. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. आत शिरताना एकच जीव उरलेला माणूस बाहेर निघतो तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. समोरची बाई मला वडापाव देऊ लागली.

शिस्त हा टीमचा कणा. आठवड्यात दहा जणांना तरी जीव न देणाऱ्याला सरळ बाहेर काढा. नातं बघू नका. आम्ही जावयाला काढलं. चूक एवढीच झाली की तेव्हा अधिक महिना चालू होता. त्याच्यापुढे तेहतीस अनारशांचं वाण ठेवलेलं, आणि त्याच्या फोनवर ‘तुम्हाला टीममधून काढण्यात आले आहे’. दिव्याची वातसुद्धा शरमली असेल. चांदीचं ताट देऊन परत घ्यावा लागला.

आता आमच्या दोन काकांविषयी सांगायला हवं, कारण टीमभावना म्हणजे काय ते त्यांच्याकडून शिकावं. बांधावरच्या एका फणसावरून थोरले आणि धाकटे यांचं कोर्टात चालू आहे. मी तिसरीत होतो तेव्हा दावा लागला, आता माझी मुलगी तिसरीत आहे. दोघांची घरं एकाच अंगणात, तुळस मधोमध, आणि बोलणं बंद. थोरल्यांच्या पंपाचं पाणी धाकट्यांच्या माडांना जात नाही. गणपती दोन. चतुर्थीला दोन आरत्या एकाच वेळी चालतात, आणि कोणाची ‘घालीन लोटांगण’ आधी संपते यावर इज्जत ठरते.

पण टीममध्ये बघा. रात्री साडेअकराला थोरल्यांचा मेसेज येतो, ‘माका जीव व्हयो.’ अर्ध्या मिनिटात धाकट्यांचा, ‘धाडलंय.’ एवढंच. सकाळी पुन्हा एकमेकांकडे पाठ करून दात घासतात. गेल्या महिन्यात सर्वाधिक जीव दिल्याबद्दल दोघेही यादीत वर होते, आणि दिलेले जवळजवळ सगळे एकमेकांनाच. वकिलांना कळू देऊ नका. तडजोडीचा पुरावा म्हणून लावतील.

शेवटच्या दिवशी गाऱ्हाणं घाला. हे तंत्र परदेशी टीमना ठाऊक नाही. आम्ही पंधरा-वीस जण देवळासमोर जमलो, मानकऱ्यांनी फोन एका हातात आणि नारळ दुसऱ्या हातात धरला. ‘बा देवा महाराजा! आज जो काय आमी पन्नास जणांनी डाव मांडलो हा, त्येका येस दी रे महाराजा!’ ‘व्हय महाराजा!’ ‘खालच्या वाडीची टीम आमच्या फुडे हा, तेंचो टॉवर बंद पाड रे महाराजा!’ ‘व्हय महाराजा!’ आवाज इतका घुमला की पुजारी ‘लाइट येतली काय’ असं विचारत बाहेर आले.

गाऱ्हाणं घालताना तपशील नीट द्यावा, हा यातला धडा. खालच्या आणि वरच्या वाडीला टॉवर एकच आहे.

तो संध्याकाळी बंद पडला. विहिरीच्या कठड्यावरसुद्धा काही नाही. स्पर्धा संपायला 23 मिनिटं, आम्ही दुसऱ्या नंबरवर, आणि नेटशिवाय कमावलेले गुण नेट लागल्याशिवाय टीमच्या खात्यावर चढत नाहीत. सगळ्यांत जास्त गुण अडकले होते दोन्ही काकांच्या फोनमध्ये. पलीकडच्या गावाच्या टॉवरची रेंज पकडायची तर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, जायला हवं. आमच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. कोकणातली अशी शिल्पं 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हा त्यांच्याकडे बघायला आम्ही कुणी सड्यावर चढलो नव्हतो. आता हजारो वर्षांपूर्वीच्या त्या माशांच्या आणि माणसांच्या आकृत्यांवर उभं राहून आमची अर्धी टीम हात उंच करून रेंजच्या दांड्या शोधत होती. कधीकाळी कोणी तिथे खडकात माणूस कोरला, त्याचेही हात वरच आहेत. त्याचीही रेंज गेली असावी.

गुण किती हवे होते? फार नाही. बक्षीस तीन हातोडे आणि अर्ध्या तासाचे अमर्याद जीव.

स्कूटर फक्त धाकट्या काकांकडे. थोरल्यांचा गुडघा दुखतो, चढण त्यांना झेपणारी नाही. पाऊस लागलेला. वरून आम्ही बघतोय तर घाटीच्या वळणावर स्कूटरचा दिवा दिसला, पुढे धाकटे, मागे थोरले, दोघांच्या डोक्यावर मिळून एकच इरलं. तीस वर्षांनी दोघं एका वाहनावर. एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते.

चॅट बंद होतं ना.