एरिक कार्लचा सुरवंट आणि आपला पतंगाचा कागद

एरिक कार्ल हा मुलांच्या पुस्तकांचा अमेरिकन चित्रकार, 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' या पुस्तकातला खादाड सुरवंट त्याचाच. मुलांना तो सुरवंट करायला लावायचा म्हणजे रंगीत पतंगाचा कागद, कात्री, फेव्हिकॉल. ओल लागली की कागदाचा रंग सुटतो, खालचा कार्डशीट गुलाबी-हिरवा होतो, वर सुरकुत्या. मग 'लहान मुलांचंच काम आहे, चालायचंच'. मला हे पटत नाही. कार्लची चित्रं बाळबोध दिसतात, पण त्यामागे पक्का जाहिरातवाला आहे.

जन्म १९२९, न्यूयॉर्क राज्यातलं सिरॅक्यूज. आईबाप जर्मन. सहा वर्षांचा असताना घरचे त्याला घेऊन श्टुटगार्टला परतले, ते नेमके हिटलरच्या राज्यात. युद्धात पकडले गेलेले वडील सोव्हिएत कैदेतून १९४७ मध्ये सुटले. शाळेतल्या एका चित्रकला शिक्षकाने बंदी घातलेली आधुनिक चित्रं त्याला गुपचूप दाखवली होती. पुढे तिथेच ग्राफिक आर्टचं शिक्षण, १९५२ मध्ये खिशात ४० डॉलर घेऊन न्यूयॉर्क. न्यूयॉर्क टाइम्समध्ये डिझाइन, मग जाहिरात एजन्सी. मुलांचं पहिलं चित्रपुस्तक १९६७ मध्ये आलं, म्हणजे चाळिशी जवळ आल्यावर! एक ठसठशीत आकार आणि भोवती भरपूर पांढरी जागा, ही नजर जाहिरातीतली.

त्याची खरी मेहनत कागदावर. आधी तोही तयार रंगीत टिश्यू, म्हणजे पतंगाच्या कागदासारखे पातळ कागद वापरायचा, पण ते उजेडाने विटतात. मग पांढरा टिश्यू घेऊन स्वतः ॲक्रिलिकने रंगवायला लागला. रुंद ब्रशने एक हात, वाळल्यावर दुसऱ्या रंगाचे फटकारे, ठिपके. कधी स्पंज, कधी गालिच्याचा तुकडा, कधी बोटं. हे ताव रंगवार खणांत ठेवलेले. चित्र करताना त्यातून हवा तो ताव काढायचा, आकार धारदार पात्याने कापायचा आणि वॉलपेपरच्या खळीने बोर्डावर बसवायचा. बारीक रेघांना खडू.

ॲक्रिलिक वाळलं की पाण्याने सुटत नाही, सगळी मेख तिथे आहे. घरी करताना टिश्यूखाली प्लास्टिक घाला. वर्तमानपत्र घातलंत तर चिकटून बसेल. रंग फार पातळ केला तर ओला कागद उचलतानाच फाटतो, म्हणून पूर्ण वाळू द्या. फेव्हिकॉलच वापरायचा तर पाणी घालून पातळ करा, बोर्डाला लावा आणि कागद मधून कडेकडे दाबत न्या. मैद्याची खळ स्वस्त, पण कसर लागते.

सुरवंटाच्या पुस्तकात त्याने खाल्ल्यासारखी पानांना भोकं आहेत, ती पंचिंग मशीनवरून सुचली. मूळ कल्पनेत किडा होता, संपादक ॲन बेनेड्यूस यांनी सुरवंट सुचवला. भोकं आणि कमीजास्त रुंदीची पानं अमेरिकेत परवडेनात, म्हणून १९६९ मध्ये छपाई जपानमध्ये झाली.

शाळांनी एवढंच करावं: पहिल्या तासाला फक्त कागद रंगवायचे आणि दोरीवर वाळत घालायचे. कात्री दुसऱ्या दिवशी.