ब्रेकमध्ये पत्रा घालायला सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

‘जुनी दुचाकी असणाऱ्यांनी जरूर वाचा’ अशी सुरुवात असलेला एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन गटांतून आला तेव्हा मी तो न वाचताच सोडून दिला. ती माझी चूक झाली, कारण तोच संदेश बाबांच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या गटावरही आला होता आणि बाबांनी तो नुसता वाचला नाही, तर अमलात आणला. बाबा ७१ वर्षांचे आहेत, नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथवर काम केले आहे, आणि २००३ साली घेतलेली हिरो होंडा स्प्लेंडर ते अजूनही रोज चालवतात.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. दहा वर्षांनंतर कंपनी जुन्या गाडीचे पार्ट बनवणे बंद करते, त्यामुळे दुकानात ‘ओरिजिनल’ म्हणून मिळते ते सगळे बनावट असते आणि त्यावर पैसे घालवू नयेत. मागचा ब्रेक लागेनासा झाला तर ब्रेक शू (चाकाला आतून घासून थांबवणारे अर्धगोल तुकडे) बदलण्याऐवजी ड्रमवरची, म्हणजे चाकातल्या ब्रेकच्या डब्यावरची, लीव्हर तिच्या दातेरी टोकावरून काढून एक दाता सरकवून बसवावी, आणि तेवढ्याने भागले नाही तर कॅम (शू बाहेर ढकलणारा चपटा तुकडा) आणि शू यांच्या मध्ये पत्र्याची पट्टी घालावी. चेन सैल झाली तर एक कडी काढून टाकावी. इंजिनात मोटारीचे ऑइल घालावे, ते स्वस्त पडते. पंधरा वर्षे झालेली गाडी बेकायदा ठरते आणि तिचा विमाही उतरवला जात नाही. शेवटचा मुद्दा इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा : त्याने जुनी इंजिने जळतात आणि त्यावर उपाय म्हणून लिटरमागे एक झाकण रॉकेल घालावे.

यातला ब्रेकचा सल्ला मी आधी घेते, कारण तो जीवघेणा आहे.

ड्रम ब्रेकची रचना साधी असते. पायाने पेडल दाबले की सळई मागे असलेली लीव्हर ओढते, लीव्हरबरोबर ड्रमच्या आतला चपटा कॅम फिरतो, आणि तो आडवा असलेला कॅम उभा होऊ लागला की दोन्ही शू बाहेर ढकलले जाऊन ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. शूवरचे लायनर, म्हणजे घासणारा थर, झिजत जाते तसतसा कॅमला जास्त फिरावे लागते, म्हणून आपण सळईच्या टोकाचा नट अधूनमधून आवळत राहतो. नट आटे संपेपर्यंत आवळला गेला याचा अर्थ एवढाच, की लायनर संपत आले आहे. अशा वेळी लीव्हर एक दाता सरकवून बसवली तर सळईला पुन्हा ओढायला जागा मिळते आणि पेडल घट्ट लागते, परंतु लायनर तेवढेच झिजलेले राहते. कॅम मात्र आता इतका फिरू लागतो की तो जवळजवळ पूर्ण उभा होतो, आणि त्या टोकाला पोहोचलेला कॅम शूच्या स्प्रिंगांच्या जोराने परत आडवा होईलच याची खात्री नसते. तो तसाच अडकला की पाय पेडलवरून काढला तरी ब्रेक सुटत नाही.

बाबांनी लीव्हर सरकवून पाहिली. पंधरा दिवसांत पेडल पुन्हा खाली जाऊ लागले, तेव्हा त्यांनी एका गॅरेजमध्ये जाऊन संदेशातली दुसरी युक्तीही करून घेतली. ऑगस्टमधल्या एका ओल्या सकाळी पंचवटीतून भाजी घेऊन परतताना होळकर पुलाच्या अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला आणि मागचे चाक जागच्या जागी बांधले गेले. गाडी तिरकी घसरली. वेग कमी होता आणि मागे बस नव्हती, म्हणून गुडघा सोलवटण्यावर निभावले. दोन रिक्षावाल्यांनी मागचा भाग उचलून धरत गाडी कडेला नेली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये चाक उघडले. मी अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करते, त्यामुळे व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचे साधन) घरी असतोच. नव्या शूवरचे लायनर साधारण ४ मि.मी. जाड असते आणि ते २ मि.मी.वर आले की शू बदलायचे असतात. बाबांच्या शूवर कॅमकडच्या बाजूला १.१ मि.मी. उरले होते. कॅम आणि शूच्या मध्ये घातलेली पट्टी ऑइलच्या डब्याच्या पत्र्याची होती, कारण तिच्यावर छापलेली निळी पट्टी अजून स्पष्ट दिसत होती. तिचा अर्धा भाग जागेवर होता आणि उरलेला अर्धा भाग दुमडून ड्रम आणि लायनरच्या मध्ये रुतला होता. ड्रमच्या भिंतीवर त्याने नखाला लागेल एवढी चकचकीत खाच पाडली होती. बाबांनी तो तुकडा बोटांत धरून बराच वेळ पाहिला आणि काही न बोलता व्हर्नियर माझ्या हातातून घेऊन लायनर स्वतः पुन्हा मोजले.

हा संदेश लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसावी, किंवा ठाऊक असून त्याने ती लपवली असावी. गाडीबरोबर मिळालेली छोटी माहितीपुस्तिका बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वीस वर्षे जपली आहे. तिच्यात स्वच्छ लिहिले आहे की मागच्या ब्रेकच्या लीव्हरजवळ एक बाण असतो आणि ब्रेक पॅनेलवर एक खूण असते. पेडल पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेसमोर आला तर शू बदलावेत. या बाणाची चकती कॅमवर एकाच जागी बसते, लीव्हरसारखी दाता बदलून सरकवता येत नाही, त्यामुळे कोणी लीव्हर कितीही सरकवली तरी बाण लायनरची खरी स्थिती सांगत राहतो. पत्र्याची पट्टी घातली की मात्र कॅम कमी फिरतो, बाण खुणेपासून लांब राहतो, आणि संपलेले लायनर भरपूर शिल्लक असल्यासारखे दिसते. म्हणजे संदेशातली पहिली युक्ती ब्रेक बिघडवते, आणि दुसरी युक्ती बिघाड दाखवणारी एकमेव खूण फसवते. शूची नवी जोडी आम्हाला तीनशे रुपयांच्या आत मिळाली. ती बसवताना लीव्हर आणि कॅमच्या टोकावरचे ठिपके समोरासमोर आणून लीव्हर मूळ जागी बसवली, आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पेडलची मोकळी हालचाल २० ते ३० मि.मी. ठेवली.

आता पार्ट मिळत नाहीत या दाव्याकडे वळते. बाबांच्या गाडीच्या बाबतीत तो धादांत खोटा आहे. ९७.२ सीसीचे हे इंजिन १९८५च्या सीडी १०० पासून चालत आले, १९९४ साली ते स्प्लेंडरमध्ये आले, आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाल्यावरही त्याच घराण्याची गाडी आजतागायत विकली जाते आहे. ज्या गाडीची भावंडे रोज शोरूममधून बाहेर पडतात, तिचे ब्रेक शू, केबल, क्लच प्लेट आणि गास्केट बनणे बंद कसे होईल? काउंटरवर ‘स्प्लेंडरचा अमुक पार्ट द्या’ असे सांगण्याऐवजी पार्ट क्रमांक सांगावा, एवढीच काळजी घ्यावी लागते, कारण एकाच नावाखाली वर्षानुवर्षे लहानसहान बदल होत गेलेले असतात. होंडाच्या पद्धतीच्या क्रमांकात पहिले पाच अंक भाग कोणता आहे ते सांगतात आणि मधला तीन अक्षरांचा गट तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी तयार झाला ते सांगतो. म्हणूनच आपल्या गाडीच्या पार्टवर एखाद्या जुन्या मॉडेलचा संकेत दिसला तर तो बनावट आहे असे समजू नये.

काही वस्तूंना तर कंपनीच्या पाकिटाचीही गरज नसते. चाकाच्या बेअरिंगवर ६३०१ असे कोरलेले असेल, तर आतला व्यास १२, बाहेरचा ३७ आणि जाडी १२ मि.मी. हे माप जगभर तेच असते, आणि नावाजलेल्या कंपनीचे तसे बेअरिंग कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. सारडा सर्कलजवळच्या एका दुकानदाराने आमचे जुने बेअरिंग हातात घेतले, पुसून क्रमांक वाचला आणि गाडी कोणती हे न विचारताच नवे काढून दिले.

तरीही या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले, येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला, आणि अशा गाड्या सांभाळणाऱ्यांना पार्टसाठी खरोखरच वणवण करावी लागते. बनावट मालही बाजारात आहे. पण त्यावरचा उपाय पारखून घेणे हा आहे. पाकिटावर उत्पादकाचे नाव, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापणे कायद्याने बंधनकारक आहे; ते नसेल तर वस्तू परत करावी आणि खरेदीची पावती मागावी. जुन्या गोदामातला न वापरलेला माल, ज्याला सगळे ‘ओल्ड स्टॉक’ म्हणतात, तो धातूच्या भागांसाठी चांगला असतो. परंतु ऑइल सील, ओ-रिंग आणि पाइप यांसारखे रबर पाकिटात पडून राहूनही कडक होते, म्हणून तिथे जुना अस्सल माल घेण्यापेक्षा चांगल्या उत्पादकाचा ताजा माल घेणे शहाणपणाचे ठरते. ब्रेक लायनरचा फार जुना साठाही मी घेणार नाही, कारण पूर्वी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस वापरत असत. त्याच कारणाने जुना ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

चेनची ‘एक कडी’ काढण्याचा सल्ला देणाऱ्याने चेन कधी हातात घेतलेली दिसत नाही. चेनमध्ये आतली आणि बाहेरची कडी आळीपाळीने असते, त्यामुळे काढायच्या तर दोन्ही मिळून काढाव्या लागतात, म्हणजे चेन एकदम २५.४ मि.मी.ने आखूड होते. शिवाय चेन ताणली जाते असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात तिच्या पिना आणि बुश झिजून दोन कड्यांमधले अंतर वाढलेले असते, आणि ते कड्या काढून कमी होत नाही. चेन ताणून धरून तिच्या २० कड्या मोजाव्यात. नव्या चेनवर हे अंतर २५४ मि.मी. भरते, ते २५९ च्या घरात गेले असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) एकत्रच बदलावीत, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेनही लवकर झिजते.

मोटारीच्या ऑइलबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आपल्या मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. मोटारीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांनी क्लच प्लेट घसरू लागतात. डब्यावर ‘जासो एमए’ हे मोटरसायकलच्या ऑइलचे मानक लिहिलेले असेल तेच ऑइल घ्यावे.

पंधरा वर्षांचा दावा दिल्लीच्या बातम्यांवरून उचललेला आहे. दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रासाठी पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांबाबत न्यायालयाचे आदेश निघाले होते. नाशिकला ते लागू नव्हते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ नुसार खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि नंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. बाबांनी ती पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयातून वाढवून घेतलेली आहे. शुल्क वाढले आहे आणि हरित करही भरावा लागतो, ही तक्रार रास्त आहे. विम्याबद्दल सांगायचे तर त्रयस्थ पक्षाचा विमा गाडीच्या वयावर अवलंबून नसतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये होते, मग गाडी दोन वर्षांची असो की वीस.

पेट्रोलबद्दलची चिंता मात्र मी झटकून टाकणार नाही. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे की ज्या दुचाकी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवल्या गेल्या, त्यांचे मायलेज २० टक्के मिश्रणावर सुमारे ३ ते ४ टक्क्यांनी घटते. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि जुन्या कार्बोरेटरमधल्या रबराला ते मानवत नाही. त्यामुळे पेट्रोलचा पाइप, फ्लोट बाउलचे (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचे) गास्केट आणि ओ-रिंग तपासून नव्या पद्धतीच्या घालाव्यात, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा. एवढ्याने भागते. इंजिन जळते हा बागुलबुवा आहे, आणि रॉकेल घालणे तर उलटच काम करते, कारण रॉकेलचा ऑक्टेन कमी असल्याने इंजिन ठोके देऊ लागते आणि पिस्टनवर काजळी धरते.

ज्यांनी हा संदेश वाचून ब्रेकमध्ये पत्रा घालून घेतला असेल, त्यांनी बाहेरच्या बाणाकडे पाहून निर्धास्त राहू नये, कारण पत्रा असताना तो खरे सांगत नाही. चाक उघडून पट्टी काढावी, दोन्ही शूवरचे लायनर कॅमकडच्या टोकाला मोजावे आणि ड्रमच्या आतून बोट फिरवून खाच लागते का ते पाहावे. खाच खोल असेल तर नव्या शूबरोबर ड्रमचेही काम करून घ्यावे लागेल. आमच्या गाडीचा ड्रम मी व्यास मोजून घेण्यासाठी अंबडला नेला आहे, आणि तो परत येईपर्यंत बाबा शहर बसने जात आहेत.