सेकंद नको, चालू-बंदचे फेरे मोजा

रॉकेटचं इंजिन सलग किती सेकंद पेटलं यावरून ते पुन्हा वापरता येईल की नाही ते ठरतं, असं रॉकेट इंजिनांवरच्या एका लेखात म्हटलंय. हे पटत नाही. इंजिन थकतं ते चालू-बंदच्या फेऱ्यांनी. आत 3000 अंशांच्या वर आग, आणि जेमतेम मिलिमीटरभर तांब्याच्या मिश्रधातूपलीकडे थंड इंधन. दर वेळी ती भिंत प्रसरण पावायला बघते, बाहेरचं कवच तिला अडवतं. मग इंधन वाहणाऱ्या खाचांवर ती पातळ होत जाते आणि शेवटी उभी चीर पडते. नाशिकच्या सातपूर-अंबडला ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या डायवर, म्हणजे साच्यावर, जाळीसारख्या भेगा पडतात ना, दुखणं त्याच कुळातलं.

चाचणीनंतरच्या कामाबद्दल तर लेखात अवाक्षर नाही. नायट्रोजन सोडून लाइन पूर्ण कोरड्या करायच्या. ओल राहिली तर पुढच्या वेळी उणे 183 अंशांच्या द्रव ऑक्सिजनपाशी तिचा बर्फ होऊन व्हॉल्व्ह अडकतो. मग हेलियमने गळती आणि बोरस्कोपने (आत घालायच्या नळीसारख्या कॅमेऱ्याने) टर्बाइनची पाती तपासायची. इंधन आणि ऑक्सिजन आत ढकलणाऱ्या टर्बोपंपाचा शाफ्ट फिरवून टॉर्क, म्हणजे फिरवायला लागणारा जोर, बघायचा. वाढलेला दिसला तर आधी बेअरिंगवर संशय घ्यायचा.

तामिळनाडूत महेंद्रगिरीच्या इस्रोच्या चाचणी केंद्रात जानेवारी 2025 मध्ये विकास हे रॉकेट इंजिन 60 सेकंद चालवलं, 120 सेकंद बंद ठेवलं आणि पुन्हा 7 सेकंद पेटवलं. मला त्या 7 सेकंदांचं मोल जास्त वाटतं, कारण तो चालू-बंदचा दुसरा फेरा होता.