कपातला डाग, सोड्याचा फेस आणि आत्याचा फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात आत्यानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. दुपारी तोच कॉलनीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी कामावरच्या. मजकूर थोडक्यात असा: कपाला चहा-कॉफीचा डाग पडतो म्हणजे पूड भेसळीची. हा डाग विषारी, पोटात जाऊन मुतखडा करतो. उपाय एकच, कपात चमचाभर खायचा सोडा घालून वरून अर्धा कप व्हिनेगर ओता, फेस डाग ओढून काढतो. तरी राहिला तर त्यातच दोन झाकणं ब्लीच टाका. नाहीतर पूर्वजांसारखं राखेनं घासा, त्यांच्या कपांना कधी डाग पडला नाही. खाली हात जोडलेले आणि ‘पुढे पाठवा’.

मी कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फौंड्रीच्या, म्हणजे वाळूच्या साच्यात लोखंड ओतणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये काम करतो. आमच्या टेबलावर वाळूचे नमुने जितके, साधारण तितकेच न धुतलेले मग. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा हक्क माझा आहे.

सगळ्यात आधी ब्लीच. बाकीच्या चुकांनी फार तर कप खराब होईल, ही चूक माणसावर बेतेल. कपडे पांढरे करायचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं पाणी. त्यात व्हिनेगर, लिंबू, लिंबूसत असं काहीही आंबट पडलं की क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, घशात आग होते, आणि खिडकी नसलेल्या मोरीत वाकून कप घासणाऱ्याच्या छातीत तो थेट जातो. मेसेज लिहिणारा म्हणेल, व्हिनेगर तर सोड्यानं मारलेलं असतं की. पण मापानं कोण ओततंय? थोडं आम्ल उरलं तरी पुरे. नुसत्या पातळ ब्लीचनं चहाचा रंग उडतो हे खरं आहे. पण ते कशातही मिसळायचं नाही, आणि स्टीलच्या मगात तर घालायचंच नाही. स्टीलला त्यानं बारीक खड्डे पडतात.

आता तो फेस. बघायला लई भारी दिसतो, म्हणून तर व्हिडिओ फिरतात. पण हिशोब मांडा. ८४ ग्रॅम खायचा सोडा मारायला ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लागतं. चमचाभर म्हणजे पाचेक ग्रॅम सोड्याला साडेतीन ग्रॅम आम्ल झालं. बाजारातलं व्हिनेगर साधारण चार टक्क्यांचं, म्हणजे ते सुमारे ९० मिली. अर्धा कप भरला की जवळपास तेवढंच. थोडक्यात, मेसेजवाल्यानं अगदी नेमकं माप सांगितलंय, दोघंही एकमेकांना पुरते संपवतील असं. मागं उरतं सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी, आणि फेस म्हणजे सोडावॉटरच्या बाटलीत असतो तोच वायू. तो डाग ओढत नाही, वर येऊन फुटतो.

मी करूनही बघितलं. लॅबमधले सारखेच काळे झालेले दोन मग घेतले. एकात मेसेजप्रमाणं सोडा-व्हिनेगर. दुसऱ्यात नुसता खायचा सोडा, पाण्याच्या चार थेंबांत कालवून, ओल्या फडक्यानं मिनिटभर चोळला. पहिल्यातलं कडं जरा फिकं झालं, ते बहुतेक नंतर खळखळून धुतल्यानं. दुसरा मग स्वच्छ. नुसत्या सोड्याचे कण मऊ असतात, कपाच्या चकाकीला ओरखडा न पाडता वरचा थर खरवडतात, आणि तो थोडा अल्कधर्मी असल्यानं चहाचा रंग सैलही करतो. व्हिनेगर ओतलं की कण विरघळले आणि अल्कपणाही गेला. दोन्ही कामाची माणसं एकमेकांशी भांडून दमवल्यासारखं आहे हे.

व्हिनेगर बिनकामाचं आहे असं मात्र नाही. डाग म्हणजे काय ते बघितलं की त्याची जागा कळते. काळ्या चहातली टॅनिनच्या जातीची रंगीत द्रव्यं पाण्यातल्या चुन्याला धरून बसतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये चहावर येणाऱ्या साईसारख्या पापुद्र्याचा अभ्यास केला होता. पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट असेल तरच तो धरतो, शुद्ध पाण्यात धरत नाही, आणि लिंबू पिळलं की कमी होतो. म्हणून नळाला नदीचं पाणी येणाऱ्या घरातला कप आणि उपनगरात बोअरच्या पाण्यावर चाललेल्या घरातला कप यांत फरक पडतो. भोगावती-पंचगंगेला येतं ते सह्याद्रीतलं पावसाचं पाणी, त्यात चुना कमी. बोअरचं पाणी क्षाराचं. तुमच्या कपातलं कडं खरखरीत, पांढुरकं-तपकिरी असेल तर आधी व्हिनेगर किंवा लिंबूसताचं गरम पाणी अर्धा तास भरून ठेवा, चुना सुटेल. मग कप धुवा, आणि मग सोडा. एकामागून एक, एकत्र नाही.

खोल तळाच्या मगात हात जात नाही. तिथं सोडियम परकार्बोनेट घ्या. कपड्यांसाठी ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून मिळतं ते हेच, फक्त डब्यावर नाव वाचून घ्या आणि बिनवासाचं बघा. छोटा चमचा पूड, कढत पाणी, पाऊण तास, मग खळखळून धुवायचं. रंग अक्षरशः उतरतो. थर्मासलाही चालतं, पण झाकण लावायचं नाही. आत वायू तयार होतो आणि झाकण अंगावर उडतं. ॲल्युमिनियमच्या भांड्याला हे घालू नका.

भेसळीचं काय? इथं मला वाटतं, कुणीतरी खरी गोष्ट अर्धवट ऐकली. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, घरी करायची एक चाचणी दिली आहे: फिल्टर पेपरवर थोडी चहापूड पसरा, पाणी शिंपडा, मग नळाखाली धुऊन कागद उजेडात धरा. कृत्रिम रंग लावलेली पूड असेल तर कागदावर डाग दिसतो. ती चाचणी कागदावरची आणि साध्या पाण्याची. उकळलेला चहा तासभर कपात राहिला तर चांगल्यातला चांगला चहाही कडं सोडणारच. आमच्या लॅबमध्ये सगळ्यात काळा मग साहेबांचा, आणि सगळ्यात महागडी पूड पण त्यांचीच. ते कोरा चहा पितात. आम्ही दुधाचा पितो आणि दुधातलं केसिन टॅनिनला धरून ठेवतं, कपाला चिकटायला कमी उरतं.

मुतखड्याचं तर सोडूनच द्या. कपाच्या कडेला जे वाळलंय ते तुम्ही आत्ताच पेलाभर प्यायलात. ते विष असतं तर कडेवरच्या पापुद्र्याला कशाला भ्यायचं? ज्याला डॉक्टरांनी ऑक्झलेट (मुतखड्यात सापडणारं, चहातही असणारं द्रव्य) कमी खायला सांगितलंय त्यानं चहा किती पितो ते मोजावं.

राहिली राख. आमचे आजोबा चहा प्यायचे पितळी फुलपात्रातून. चिनी मातीच्या कपबशा घरात दोनच, त्याही पाहुण्यांच्या, एकीचा कान तुटलेला. त्यांना डाग पडायला सवडच कुठं होती? लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, त्यामुळं चिकटपणा निघतो, हे मी मान्य करतो. पण चूल राहिली कुठं? आपल्याकडं हाताशी मिळते ती गुऱ्हाळावरची, चिपाडाची राख, आणि तिच्यात सिलिकाच जास्त. सिलिका काय चीज आहे ते फौंड्रीवाल्याला विचारा, आम्ही तिच्या साच्यात लोखंड ओततो. वाळूतली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, कपाच्या चकाकीपेक्षा कडक असते. राखेनं घासलेला कप त्या दिवशी चकचकतो, पण त्यावर बारीक चरे पडतात आणि पुढच्या चहाचा रंग त्या चऱ्यांत जाऊन बसतो. मग पुन्हा राख, पुन्हा चरे. सोनेरी काठ असेल तर तो महिन्यात गेलाच समजा.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मी आणलेल्या दोन बाटल्या व्हिनेगरचं काय करू रे?” म्हटलं, कांदा चीर आणि त्यात टाक, रविवारी येतो जेवायला.