कच्चं सारण अंड्याच्या वाफेवर शिजत नाही

भरलेल्या ऑम्लेटच्या कृतीचा एक संदेश गेले काही महिने सगळीकडे फिरतोय. मला तो मावशीने पाठवला, मग शेजारच्या काकूंनी, मग ऑफिसातल्या मैत्रिणीने. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : दोन अंड्यांत अर्धी वाटी दूध घाला, म्हणजे ऑम्लेट फुगतं आणि फाटत नाही. फेटताना मीठ घालू नका, अंडं कडक होतं. भाज्या कच्च्याच चिरून मध्ये ठेवा, घडी घाला आणि झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं वाफ द्या, म्हणजे भाज्यांचं सत्त्व टिकतं. नॉन-स्टिक पॅन नसेल तर या वाटेला जाऊ नका. आणि तब्येतीसाठी बलक काढून टाका.

माझी भाची नुकतीच घराबाहेर राहायला लागली आहे आणि स्वयंपाक शिकते आहे. गेल्या रविवारी तिने माझ्याकडे येऊन ही कृती शब्दन् शब्द पाळून केली. बलक तेवढा ठेवला होता. सुरीने घडी कापली तर ताटलीत पिवळट पाणी पसरलं. आतला कांदा करकरीत, टोमॅटो नुसता कोमट, मश्रूम पांढरेफटक, आणि बाहेरचं अंडं चामड्यासारखं चिवट. ‘मला जमतच नाही’ म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. तिचं काहीही चुकलं नव्हतं. कृतीच चुकीची आहे, म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात मोठी चूक सारणाची. फेटलेलं अंडं साधारण ७३ अंश सेल्सिअसला धरतं. पांढरं तर ६० अंशांच्या पुढेच घट्ट व्हायला लागतं. भाजी मऊ पडायला मात्र ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, कारण तिच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन त्याआधी फारसं सुटत नाही. म्हणजे आतला कांदा शिजेपर्यंत थांबायचं, तर बाहेरचं अंडं केव्हाच होऊन गेलेलं असतं. त्यापुढे आच मिळाली की अंड्यातल्या प्रथिनांची जाळी आवळत जाते आणि धरून ठेवलेलं पाणी बाहेर टाकते. त्यात टोमॅटो, मश्रूम, पालक, ढोबळी मिरची यांच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. भाचीच्या ताटलीतलं पाणी या दोन्हींचं होतं. वरून झाकणाला लागलेली वाफ ठिबकत होती, ती वेगळीच.

तेव्हा अंडी फोडायच्या आधी सारण पूर्ण तयार हवं, अगदी पोळीशी नुसतं खाता येईल इतकं तयार. कांदा काचेसारखा होईपर्यंत परता. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून नुसता बाहेरचा भाग घ्या. पालक तव्यावर मलूल झाला की मुठीत घट्ट पिळा. जुडीभर पालकाचा लिंबाएवढा गोळा उरतो, तो मोकळा करून वापरा. मश्रूमला सगळ्यात जास्त धीर लागतो. मोठ्या आचेवर, एकावर एक न रचता पसरा आणि आवाजाकडे लक्ष ठेवा. आधी चर्र होतं, मग पाणी सुटतं तसा तो आवाज बसतो आणि नुसतं खदखदतं. पाणी आटलं की पुन्हा तडतड सुरू होते. ती दुसरी तडतड ऐकू आली, कडा तांबूस झाल्या, की मश्रूम झाले. मीठ त्यानंतर घाला. हे सगळं ताटलीत काढून जरा निवू द्या. दोन अंड्यांना पाव वाटी सारण पुरतं. जास्त भरलं की घडी फाटणारच.

सत्त्वाचं म्हणाल, तर परतताना क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, हे खरं आहे. पण टोमॅटोतलं लायकोपिन हे लाल रंगद्रव्य उष्णता आणि तेल मिळाल्यावर शरीराला उलट जास्त सहज मिळतं. शिवाय दहा मिनिटं वाफ दिली म्हणजे भाजी कच्ची राहिली, असं थोडंच आहे! उष्णता ती उष्णताच.

ओलं आत भरायचं नसतं हे ऑम्लेट करणाऱ्या लोकांना कधीच कळलेलं आहे. गोव्याचं रस ऑम्लेट घ्या. शागुतीचा रस्सा किती चविष्ट, पण गाड्यावरचा माणूस तो ऑम्लेटच्या आत कधी भरत नाही. वरून ओततो, सोबत पाव, कांदा आणि लिंबाची फोड देतो. जपानच्या ओमुराइसमध्येही, म्हणजे भात भरलेल्या ऑम्लेटमध्येही, तेच दिसतं : आत जाणारा भात केचप घालून सुटसुटीत परतलेला असतो आणि सॉस वरून येतो. मला हा योगायोग वाटत नाही. अंड्याची घडी ओलं पेलत नाही, हे दोन्हीकडच्या हातांना ठाऊक आहे.

आता दूध. दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते घातलं की अंड्यातली प्रथिनं विरळ होतात आणि धरलेलं अंडं जास्त मऊ, जास्त नाजूक होतं. नुसती भुर्जी करायची असेल तर तो मऊपणा चांगला लागतो. पण इथे आपल्याला घडी घालायची आहे, सारणाचं वजन उचलायचं आहे. अर्धी वाटी दूध घातलेलं ऑम्लेट फाटण्याचीच शक्यता जास्त. संदेशात नेमकं उलटं लिहिलंय. फुगण्याचं काम फेटताना शिरलेली हवा आणि तव्यावर होणारी वाफ करते. फ्रान्समध्ये मॉं-साँ-मिशेल या बेटावर १८८८ पासून चालत आलेल्या मेर पुलार या खाणावळीचं ऑम्लेट जगभर प्रसिद्ध आहे, ते उशीसारखं फुगतं ते तांब्याच्या भांड्यात खूप वेळ फेटल्यामुळे. सवय असेल तर चमचाभर दूध घाला, काही बिघडत नाही.

मिठाच्या बाबतीत तर मी त्याच रविवारी दोन वाट्या बाजूबाजूला ठेवल्या. एकीत मीठ घालून पंधरा मिनिटं थांबले, दुसरीत अंडं तव्यावर पडल्यावर मीठ भुरभुरलं. मीठ घालून ठेवलेलं अंडं जरा पातळ आणि गडद नारिंगी दिसायला लागलं, आणि बहुधा यालाच लोक घाबरतात. शिजल्यावर मात्र तेच मऊ होतं आणि त्याला पाणीही सुटलं नाही. मीठ प्रथिनांना एकमेकांना फार घट्ट धरू देत नाही, म्हणून हे होतं. मग हा समज आला कुठून? माझ्या मते आपल्या नेहमीच्या मसाला ऑम्लेटमधून. तिथे चिरलेला कांदा-टोमॅटो अंड्यातच असतो आणि मीठ घालून ठेवलं की त्या भाज्यांना पाणी सुटतं. दोष भाजीचा, नाव अंड्याचं.

नॉन-स्टिक पॅन सोयीचा आहे, सक्तीचा नाही. रोज तेल पिऊन गुळगुळीत झालेला बिडाचा तवा तितकंच छान काम करतो. खरा प्रश्न मापाचा असतो. दोन अंडी मोठ्या डोशाच्या तव्यावर पसरली की कागदासारखा पातळ थर होतो आणि उलथनं लावताच फाटतो. दोन अंड्यांना २० सेंटिमीटरच्या आसपासचं भांडं हवं. नॉन-स्टिक वापरत असाल तर तो रिकामा मोठ्या आचेवर ठेवू नका. २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब व्हायला लागतो.

बलक काढायला माझा ठाम विरोध आहे. ड जीवनसत्त्व आणि कोलीन हे पोषकद्रव्य जवळजवळ सगळं बलकातच असतं, आणि प्रथिनांचाही चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा तिथेच आहे. त्यातली स्निग्धता अंड्याला मऊ ठेवते. नुसत्या पांढऱ्याचं ऑम्लेट लवकर रबरी होतं आणि त्याला पाणीही सुटतं. बलकातल्या कोलेस्टेरॉलची भीती म्हणाल, तर अमेरिकेच्या आहारविषयक सूचनांमध्ये पूर्वी दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा होती. २०१५-२० च्या आवृत्तीतून हा आकडा काढला गेला. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर मात्र किती अंडी खायची ते आपल्या डॉक्टरांनाच विचारा.

मग भाचीला पुन्हा उभं केलं. तवा मध्यम आचेवर, लोण्याचा फेस बसेपर्यंत थांबायचं. अंडं ओतलं, कडा आत ओढत राहिली, वरचं ओलं खाली जाऊ दिलं. वरचा भाग अजून चकाकतोय पण तवा वाकडा केला तरी वाहत नाही, अशा वेळी अर्ध्या भागावर सारण, थोडं किसलेलं चीज, आणि घडी. गॅस बंद करून अर्धा मिनिट तसंच ठेवलं. उरलेलं काम आतल्या उष्णतेने झालं. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी आणखी थोडं थांबून मधला भाग पूर्ण धरू द्यावा. अंडं ओतल्यापासून ताटलीत येईपर्यंत दोन मिनिटंही लागली नाहीत. कापलं तेव्हा ताटली कोरडी होती. ‘आता पनीर घालून करू?’ तिने विचारलं. पनीर चीजसारखं वितळत नाही, म्हणून ते कुस्करून, कांद्याबरोबर परतून घे म्हटलं, आणि ती कांदा चिरायला बसलीसुद्धा.