बिल्ला दिला, वेळ कोण देणार?

आज आईला भेटून आले तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय. ती ज्या वृद्ध सेवाकेंद्रात आहे, तिथे गुणवत्ता सुधारायची मोहीम सुरू झालीय. आईचं सगळं करणाऱ्या ताईंच्या छातीवर नवा बिल्ला होता, ‘बेडसोअर प्रतिबंध प्रमुख’. बेडसोअर म्हणजे सतत पडून राहिल्याने, दाब येऊन होणाऱ्या जखमा. बघून इतकं बरं वाटलं! विचारलं, “ताई, या कामासाठी वेगळा वेळ दिलाय का हो?” त्या नुसत्या हसल्या. पेशंट तेवढेच, ड्यूटी तेवढीच. तक्ते भरायचे ते ड्यूटी संपल्यावर, घरी जायच्या वेळात.

याच ताईंनी आईची टाच वाचवली होती. मोजा काढताना त्यांना नखाएवढा लाल डाग दिसला. त्यांनी तो बोटाने दाबून पाहिला. दाबल्यावर कातडी क्षणभर पांढरी पडायला हवी, ही लालच राहिली. म्हणजे जखमेची सुरुवात. त्यांनी लगेच नर्सना बोलावलं आणि टाच अधांतरी राहील अशी पोटरीखाली उशी सरकवली. मी तासभर तिथेच बसले होते. मला काही दिसलं नव्हतं.

अशा जखमा होऊ नयेत म्हणून पेशंटची कूस बदलल्याच्या नोंदी शिफ्ट संपताना एका दमात, एकाच पेनाने भरलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. ताईंचं म्हणणं साधं आहे. तक्ता पलंगापाशी लावा, कूस बदलली की तिथेच वेळ लिहा. आधी एकाच खोलीत आठवडाभर करून बघू, अडलं तर बदलू, मग बाकीच्या खोल्यांत नेऊ. सुधारणा अजून वेगळी काय असते? पण ताई बैठकीत हे बोलल्या, की वरून उत्तर एकच, ‘बघू’! प्रमुख म्हणायचं आणि पलंगाशेजारी एक कागद लावायचाही अधिकार द्यायचा नाही. संताप येतो हो.

माणसं कमी आहेत, मान्य. सगळं एकीच्या जिवावर चाललं तर ती सोडून गेल्यावर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, हेही मान्य. मग दुसरीला त्यांच्या हाताखाली तयार करा ना. आठवड्यातले दोन तास त्यांचे पेशंट दुसऱ्या कुणाकडे द्या. डाग बघायला शिकवायलाही वेळ लागतोच.

निघताना बघितलं, बिल्ला काढून खिशात ठेवला होता. “आजींना कुशीवर घेताना टोचेल,” म्हणाल्या. मला बोलवेना.

उद्या सकाळी व्यवस्थापकांना भेटायला जातेय. शेजारच्या दोन आजींची मुलंही येतो म्हणालीत.