चार एक्सची दुर्बीण आणि आमच्या रानातली डुकरं

ज्वारी पोटऱ्यात आली की आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर तोच विषय निघतो, डुकरं आणि हरणं रानात शिरली, आणि मग कुणीतरी मला टॅग करतंच, तुमच्या अमेरिकेत मारतात की, मग इथंच काय झालंय. यंदा चुलतभावानं झूमवाल्या स्कोपचा, म्हणजे रायफलवर बसवायच्या दुर्बिणीचा, फोटोच टाकला, 24 पट मोठं दाखवणारा, खाली लिहिलं "24 एक्स, अर्ध्या किलोमीटरवरनं खेळ खल्लास".

मी विस्कॉन्सिनमध्ये असतो. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या सणाच्या, आधीच्या शनिवारपासून इथं 9 दिवस हरणांचा रायफल सीझन असतो. मी स्वतः कधी गोळी झाडली नाही, पण केशरी जाकीट घालून शेजारच्या आजोबांसोबत दोनदा थंडीत कुडकुडत बसलोय. त्यांच्या रायफलवर जुना वीव्हर के-4 स्कोप, फक्त चार पट, झूमची रिंगच नाही. मला वाटलं म्हातारा पैसे वाचवतोय. मग डोळा लावून बघितलं, अंधारून आलं होतं तरी झुडपाच्या बुडातलं सगळं दिसत होतं. हिशोब सोपा आहे, पुढच्या काचेला पटीनं भागायचं. 32 मिलिमीटरची काच आणि 4 पट, म्हणजे डोळ्याकडं येणारा उजेडाचा गोल 8 मिलिमीटर रुंद. अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली उघडून उघडून 7 च्या आसपास उघडते, म्हणजे भरपूर झालं. तेच 40 ची काच 9 पटीवर नेली तर साडेचारपण येत नाही. वर काचा कमी, वजन कमी, आणि हरीण अचानक वीस पावलांवर उठलं तर झूम चुकून 9 वर राहिलाय आणि नुसते केसच दिसतायत असं होत नाही.

पण मला पटलं ते वेगळंच. एकदा शेताच्या पार टोकाला मोठं शिंगवालं हरीण आलं, चार पटीत एवढंसं दिसत होतं, आणि मागं एक घर. आजोबांनी रायफल खाली ठेवली, थर्मासमधली कॉफी ओतली.

आता आपल्याकडं. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, हात लावायचा नाही, डुकराला परवानगी लागते. शेतकऱ्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, आमच्या काकांची अर्धा एकर ज्वारी एका रात्रीत आडवी झाली, पंचनाम्याला हेलपाटे घालून ते दमले. पण ओ, आपल्या रानात बांधाबांधावर वस्ती आहे, रात्री लाइट आली की माणसं बॅटरी घेऊन पाणी द्यायला उठतात. 24 पटीत डुक्कर दिसेल, त्याच्या चार हात बाजूला वाकून पाण्याची दारं मोडणारा माणूस दिसायचा नाही.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. चुलतभावानं अंगठा दिला आणि विचारलं, बरं दादा, मग चार एक्सवाला केवढ्याला पडतो?